मांडीवरचा प्रवासी

काकडीचा माळ. हिवाळ्याची दुपार, तरी ऊन डोळ्यांवर येतंय. शिर्डी विमानतळाच्या दारासमोर एक पांढरी बोलेरो थांबते. आधी सामान उतरतं, मग माणसं. दोन फुगलेल्या बॅगा, झाकणाला दोरी बांधलेला पत्र्याचा डबा, दुपट्यांचं गाठोडं आणि सगळ्यांत शेवटी, बाळाचं डोकं दाराला लागू नये म्हणून स्वतःच अर्धी वाकलेली एक पोरगी. तिच्याभोवती चार जण एकदम बोलतायत.

“टोपडं खाली ओढ. कानाला वारं लागू राह्यलं.”

“पर्स? पर्स कुठंय?”

“आधी कागद काढा, कागद.”

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक परत निघालीय, हे कुणी सांगावं लागत नाही. बाळाच्या गालावर तीट आहे, तळपायावर तीट आहे, मनगटात काळे मणी आहेत. नवरा हैदराबादेत नोकरीला. सोबत आजी चाललीय, महिनाभर घडी बसवून द्यायला. आजीचा पदर खांद्यावर दोन पिनांनी पक्का केलाय आणि तिचं लक्ष बाळाकडे कमी, आकाशाकडे जास्त आहे.

दारावरचा जवान तिकिटं बघतो, ओळखपत्रं बघतो, मग बाळाकडे बघतो. “बच्चे का प्रूफ?”

“आता बाळच दावते की,” आजी म्हणते. “त्याला अजून कसला पुरावा पाह्यजे?”

पण पुरावा लागतोच. दोन वर्षांच्या आतलं मूल विमानात मांडीवर बसून जाऊ शकतं, मात्र ते दोन वर्षांच्या आतलं आहे हे कागदानं सिद्ध व्हावं लागतं. पोरीचे वडील, नाना, सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला जन्मदाखला काढतात. दाखल्यावर जिल्हा ‘अहिल्यानगर’ छापलाय. जवान वाचतो, मान हलवतो. नाना दाखला पुन्हा घडीवर घडी पाडून लेकीच्या पर्समध्ये स्वतःच्या हातानं ठेवतात आणि पर्सची चेन ओढून बघतात.

इथून पुढे तिकीट असलेल्यांनाच प्रवेश. नाना आणि मामा बाहेर राहतात. एसटी स्टँडवर सोडायला आलेला माणूस गाडीच्या खिडकीपर्यंत येतो, आत चढून फळीवर बॅग ठेवतो, गाडी हलली की उडी मारतो. इथे मध्ये काच आहे. नाना काचेला हात लावून आत बघत राहतात, आणि आत गेलेली आजी बाहेर बघत हातवारे करते: तुम्ही आता जा, गाईंच्या धारा काढायच्यात.

मीही त्याच विमानाची. रांगेत त्यांच्या मागे उभी आहे.

हा विमानतळ शिर्डीचा म्हणवतो, पण तो आहे कोपरगाव तालुक्यात, शिर्डीपासून चौदाएक किलोमीटरवर. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचं उद्घाटन केलं. साईबाबांच्या समाधीचं शताब्दी वर्ष तोंडावर होतं. विमानतळ बांधला भाविकांसाठी. राहाता-कोपरगावच्या लेकीबाळींना तो फुकटात मिळाला. त्याआधी या भागातली पोरगी हैदराबादेत दिली म्हणजे मनमाडला जाऊन रात्रीची अजंता एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी सिकंदराबादला उतरायचं. आता हवेतला वेळ दीड तासाच्या आसपास. रात्रभर बाळाला घेऊन बर्थच्या कडेला बसणं आणि दीड तास बसणं यांतला फरक आईला कळतो. पण त्या दीड तासात काय काय मावतं, ते मी आता बघणार आहे.

सामान देण्याच्या काउंटरवर पत्र्याचा डबा वजनकाट्यावर चढतो. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, सुक्या खोबऱ्याचा कीस घातलेली खिरापत. शेजारच्या रांगेत भाविकांचं एक तेलुगू कुटुंब नारळावरून अडलंय. अख्खा नारळ हातातल्या सामानातून आत नेता येत नाही, आणि प्रसादाचा नारळ मागे ठेवायला त्यांचं मन होत नाही. आजी वळून त्यांच्याकडे बघते. आपल्या डब्यातल्या खोबऱ्याचा तर आधीच कीस झालाय, याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

सुरक्षा तपासणी. एक्स-रेच्या पट्ट्यावरून दुपट्यांचं गाठोडं आत जातं आणि पट्टा थांबतो. पडद्यावर काहीतरी घट्ट, काळं, गोल दिसतंय. वर्दीतली बाई गाठोडं सोडते. चार झबली, सहा लंगोट, दोन टोपडी, आणि त्यांच्या पोटात मऊ फडक्यात गुंडाळलेला दगड.

“ये क्या है?”

“सहाण हाये ती. गुटीची.” आजी पुढे होते. “वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड उगाळायचं. एकेक वेढा.” ती हवेत तर्जनीनं वेढा काढून दाखवते.

वर्दीतली बाई उत्तरेकडची असावी. सहाण उलटीपालटी करते, त्यावरचा पिवळट डाग बघते, आणि एकदम चेहरा सैल सोडते. “अच्छा, घुट्टी!”

“आई, डॉक्टर काय म्हणाले?” लेक हळूच म्हणते. “सहा महिने नुसतं अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नको.”

“माहितीये. मी कुठं पाजते? नुसती राहू दे घरात.”

जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने फक्त आईचं दूधच सांगते. त्यामुळे या सहाणेचं काम बहुधा नुसतं सोबत जाण्याचंच असणार आहे. दगड पुन्हा फडक्यात, फडकं झबल्यांत, झबली गाठोड्यात. मग बाळाची पाळी. पडद्यामागे वर्दीतली बाई बाळाच्या अंगावरून एक हात हलकेच फिरवते, आणि करदोट्याशी बोटं थांबतात. “काला धागा,” ती स्वतःशीच म्हणते आणि पुढे जाऊ देते. बाळ तिच्या टोपीवरच्या बिल्ल्याकडे टक लावून बघतंय.

प्रतीक्षागृहात आजी खुर्चीच्या कडेवर बसते, पूर्ण टेकत नाही. पोरगी ओढणी घेऊन बाळाला पाजायला लागते तशी आजी तिला थांबवते. “आत्ता नको. वर जाताना पाज. त्या शिंद्याच्या सुनेनं सांगितलंय.”

शिंद्याच्या सुनेचं म्हणणं वैद्यकाच्या पुस्तकातही बसतं. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीनं घशाला जोडलेली असते. विमान चढताना आणि उतरताना केबिनमधला दाब बदलतो. ही नळी उघडली की आतबाहेरचा दाब सारखा होतो. मोठा माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो, गोळी चघळतो. बाळाला हे सांगून कळत नाही, आणि त्याची नळी आपल्यापेक्षा अरुंद आणि जास्त आडवी असते. चोखणं आणि गिळणं हाच त्याचा उपाय. मात्र चढण्यापेक्षा उतरणं कठीण असतं, कारण बाहेर वाढलेला दाब नळीला उघडू देत नाही. हे शिंद्याच्या सुनेनं सांगितलेलं नाही.

विमान पंख्यांचं आहे. एटीआर. त्यात मागच्या दारानं चढायचं; पुढचा भाग सामानाचा. आम्ही चालतच विमानापाशी जातो. शिडीच्या पायथ्याशी आजी थांबते, चपला काढाव्यात का अशा विचारात एक क्षण खाली बघते, मग चपलांसकट पहिली पायरी चढते आणि वरच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावते. मागे रांग थांबलीय. कुणी घाई करत नाही. निम्मी रांग आत्ताच समाधीचं दर्शन घेऊन आलीय.

दोन-दोनच्या जागा. खिडकीशी आजी, कडेला लेक, तिच्या मांडीवर बाळ. मधल्या वाटेच्या पलीकडे मी. माझ्या शेजारी मघाची तेलुगू आजी, कपाळावर उदी, मांडीवर प्रसादाची पिशवी. तिचा नारळ शेवटी बॅगेत गेला की मागे राहिला, कळत नाही. आमच्या पुढच्या रांगेत लॅपटॉप उघडलेला एक तरुण. बाळ दिसताच त्याचे खांदे किंचित वर जातात. कानात काहीतरी घालून तो खाली वाकतो.

हवाई सुंदरी एक लहानसा पट्टा घेऊन येते. “हा बाळाचा. तुमच्या पट्ट्यातून असा ओवायचा, बाळाच्या पोटाभोवती बांधायचा. बाळाचं तोंड तुमच्याकडे.”

पोरगी पट्टा ओवते. आजी हात पुढे करते. “दे माझ्याकडं, तू बस निवांत.”

“आजी, बाळ आईकडेच राहू द्या. विमान सुटेपर्यंत तरी.”

आजी हात मागे घेते. नातवाला धरायला परवानगी लागते, हे तिला पहिल्यांदाच कळतंय.

हा दीड वितीचा पट्टा वाटतो तितका साधा नाही. युरोपात मांडीवरच्या मुलाला तो बांधायलाच हवा. अमेरिकेत त्याला बंदी आहे, कारण धक्का बसला तर आईच्या शरीराचा सगळा भार बाळावर येतो असं तिथले नियामक मानतात. तिथे सांगतात, मुलासाठी वेगळं तिकीट काढा आणि त्याला स्वतःच्या आसनात बांधा; पण तशी सक्ती मात्र करत नाहीत. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळलं. त्यात मांडीवरची चार मुलं होती आणि आपटण्याआधी त्यांना विमानाच्या फरशीवर ठेवायला सांगण्यात आलं होतं. एक वाचलं नाही. त्या विमानातल्या मुख्य हवाई सुंदरीनं पुढे कित्येक वर्षं मांडीवरच्या मुलांना स्वतःची जागा मिळावी म्हणून आवाज उठवला. मांडी ही सगळ्यांत सुरक्षित जागा, ही आपली समजूत इतकी जुनी आहे की तिच्यावर वाद होऊ शकतो हेच आपल्याला सुचत नाही.

पंखे फिरतात. आवाज आधी खडबडीत, मग एकसुरी होतो, पिठाच्या गिरणीसारखा. बाळ डोळे मोठे करतं. पोरगी ओढणीखाली त्याला घेते. विमान धावतं, नाक उचलतं, आणि आजी खिडकीशी असूनही डोळे गच्च मिटून घेते. ओठ हलतायत. बाळ मात्र चोखता चोखता झोपून जातं. एवढा खटाटोप, एवढे सल्ले, आणि चढण सगळी झोपेत पार.

खाली शेततळी दिसतात, निळ्या प्लॅस्टिकचे चौकोन. पेरूच्या बागा. उसाचे हिरवे पट्टे आणि तोडलेल्या फडांचे पिवळे. कारखान्याच्या चिमणीचा धूर एका बाजूला कललेला. गाळप हंगाम जोरात आहे. सकाळी विमानतळाकडे येताना याच रस्त्यांवर माझी गाडी दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे अडकली होती. ट्रॉली रिकामी, कारखान्याहून फडाकडे परतणारी. तिच्या तळाशी पाचटावर एक बाई बसलेली आणि तिच्या मांडीवर तान्हं पोर. तिनं पदर त्याच्या तोंडावर धरला होता, धुळीसाठी.

आमचं विमान आता ज्या दिशेनं चाललंय त्या वाटेवर बीड जिल्हा येतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे, आणखी पुढे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीतूनही निघतात. ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या, म्हातारी आणि अंगावरचं पोर. तिथे कुणी जन्मदाखला विचारत नाही आणि पोटाभोवती पट्टाही कुणी बांधत नाही. जे अंतर ते रात्र घालवून कापतात, ते हे पंख्यांचं विमान अर्ध्या तासाच्या आत मागे टाकतं. खिडकीतून आता नुसती तपकिरी जमीन दिसते, रस्ते दोऱ्यांएवढे. इतक्या उंचीवरून ट्रॉली दिसत नाही.

आजीनं डोळे उघडलेत. “थांबल्यावानी वाटू राह्यलं,” ती म्हणते. “चालू हाये ना?”

“चालू आहे, आई.”

बाळ जागं होतं. लंगोटाची तपासणी होते, नाक मुरडलं जातं. शौचालय पाठीमागे, एका माणसाला वळणं मुश्कील इतकं. पोरगी जागेवरच दुपटं अंथरून कागदी डायपर बदलते. तेलुगू आजी न विचारता आपली प्रसादाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवते, वाटेपलीकडे वाकते आणि बाळाचे दोन्ही पाय एका हातात वर धरते. तिला हे काम हजार वेळा केल्याचा सराव आहे. काम उरकताच ती कनवटीची पुडी सोडून उदीचं एक बोट बाळाच्या कपाळाला लावते. गालावर तीट, कपाळावर उदी. दोन्ही आज्या एकमेकींकडे बघून मान हलवतात. बोलायला भाषा नाही, पण हिशेब जुळलाय.

मग घोषणा होते. उतरायला सुरुवात. पट्टे बांधा.

आणि बाळ रडायला लागतं.

आधी कुरकुर, मग ओठ थरथरतात, मग तोंड उघडतं आणि दोन क्षण आवाजच येत नाही. तो आला की सगळ्या केबिनभर. पोरगी घाईनं ओढणी ओढते, बाळ तोंड फिरवतं. ती दुसऱ्या बाजूला घेते, पुन्हा फिरवतं. पाठ कमानीसारखी ताणलेली, मुठी आवळलेल्या, कानामागची शीर लाल. तिच्या कपाळावर घाम आलाय. ती कुणाकडेच बघत नाही.

“दे इकडं, फिरवून आणते,” आजी पट्टा सोडून उठते.

“आजी, बसा. पट्टा लावा. आता उठता येणार नाही.”

आजी बसते. तिच्या आयुष्यात रडत्या पोरावर एकच हुकमी इलाज होता, उचलायचं आणि चालायचं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, गायी दाखवायच्या. इथे तो इलाज बंद.

एसटी असती तर हे पोर आत्तापर्यंत निम्म्या गाडीतून फिरून आलं असतं. मागच्या बाईनं घेतलं असतं, तिनं खिडकीतून बैल दाखवले असते, तिच्या शेजारच्यानं किल्ल्या वाजवल्या असत्या, कंडक्टरनं शिट्टी दाखवली असती. आपल्या मुलखाला ही शिकवण जुनी आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली, ती पुणे-नगर याच मार्गावर. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एसटीत तिकीट नाही, म्हणजे त्याला ठरलेली जागाही नाही. ज्याची मांडी मोकळी, तिथे ते. विमानातही मांडीवरच्या बाळाला जागा नाही, पण इथे मांडी एकच, नाव लिहिलेली, पट्ट्यानं बांधलेली. बाकीच्यांनी आपापल्या आसनात बसून ऐकायचं.

“पालु,” शेजारची आजी म्हणते. “पालु इव्वम्मा.” दूध दे, पोरी.

“घेत नाहीये,” पोरगी मराठीतच सांगते. आवाज रडवेला.

तेलुगू आजी स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवून खालून वर हलकेच दाबते; कसं करायचं ते दाखवते. मराठी आजी ते पाहते, लेकीच्या खांद्यावरून हात घालते आणि बाळाच्या हनुवटीला तसंच बोट लावते. एकदा. दोनदा. पुढचा तरुण लॅपटॉप मिटतो. वळतो. मला वाटतं, आता हा काहीतरी बोलणार. तो कानातलं काढून बाळासमोर आपला मोबाइल धरतो. पडद्यावर काही नाही, नुसता उजेड मोठा-लहान करतोय. बाळ एका हुंदक्याच्या मध्येच थांबून तिकडे बघतं. तेवढ्यात पोरगी त्याला घेते. एक घोट. थांबतं. मग घशाचा आवाज येतो, गिळल्याचा, आणि पाठोपाठ दुसरा.

चाकं धावपट्टीला टेकतात तेव्हा ते पितंय. तरुण पुन्हा पुढे वळलाय, पण लॅपटॉप उघडलेला नाही.

हैदराबादला विमान लांब उभं राहतं. टर्मिनलपर्यंत न्यायला बस आलीय, मोठी, खालच्या फरशीची, बसायला मोजक्या जागा आणि बाकी सगळ्यांनी दांड्यांना धरून उभं राहायचं. पोरीच्या एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर बाळाची पिशवी, कडेवर बाळ. आजीच्या हातात गाठोडं, त्यात सहाण. बस भरत येते. तेलुगू आजीला आधीच जागा मिळालीय. ती पोरीकडे बघते आणि आपल्या मांडीवर दोनदा थोपटते. पोरगी विचारत नाही, थांबत नाही; वाकून बाळ तिच्या मांडीवर ठेवते आणि वरची कडी धरते. बाळ नव्या मांडीवर बसून प्रसादाच्या पिशवीचा बंद तोंडात घालतं.

आजीला कंठ फुटतो. “ओ दादा, धरा हे जरा,” म्हणत ती गाठोडं लॅपटॉपवाल्याच्या हातात देते. तो घेतो. मग ती दारात उभ्या असलेल्या गर्दीकडे वळते.

“आत सरका हो, आत सरका. लेकुरवाळी हाये.”

गर्दीतल्या निम्म्यांना मराठी येत नाही. सगळे सरकतात.